व्हिडिओ खेळांच्या प्रती

व्हिडिओ खेळांच्या प्रती : जुने व्हिडिओ खेळ ग्राहकाच्या हाती दोन स्वरूपांत येतात : कार्ट्रिज वा तबकडीवरील पेटीबंद प्रत आणि आंतरजालावरून डाउनलोड केलेली प्रत. पेटीबंद प्रत ही खरेदीदाराच्या मालकीची वस्तू असल्याने ती विकता, उसनी देता वा संग्रही ठेवता येते. तथापि ती झिजते. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या खेळाच्या अमेरिकेतील कार्ट्रिजमध्ये (१९८७) खेळाडूची प्रगती नोंदून ठेवण्यासाठी लहान बॅटरी असे; ती संपली की खेळ शाबूत राहतो, पण नोंद पुसली जाते. तबकड्यांवर चरे पडतात. शिवाय चालू स्थितीतील मूळ यंत्रही लागते.

डाउनलोड प्रत झिजत नाही. परंतु तीत बहुधा वापराचा परवाना मिळतो, मालकी नव्हे. निन्टेन्डो कंपनीने वी या यंत्रासाठी २००६ मध्ये जुने खेळ अशा प्रकारे विकण्यास प्रारंभ केला. ही विक्री जानेवारी २०१९ मध्ये थांबली. कोनामीचा ‘पी. टी.’ (२०१४) पेटीबंद निघालाच नाही. २०१५ मध्ये तो मागे घेण्यात आल्यावर ज्या यंत्रांत आधीच उतरवलेला होता, त्यांतच उरला. याउलट पोलंडमधील जीओजी हे विक्रीस्थळ २००८ पासून प्रतिबंधरहित फाइली देते. त्या ग्राहकास स्वतःजवळ जपून ठेवता येतात.

अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी सु. ८७% खेळ बाजारात उपलब्ध नसल्याचे २०२३ मधील एका पाहणीत आढळले. म्हणून खेळ टिकण्यासाठी, त्याचे स्वरूप कोणतेही असो, त्याची नवी प्रत काढून ठेवण्याची मुभा महत्त्वाची ठरते.