वाड्याची फेररचना : चौक राखूनच

नाशिकच्या जुन्या भागात, गोदावरीच्या दोन्ही तीरांवर, लाकडी खांब-तुळयांचे वाडे आजही उभे आहेत. कुटुंब विभागले की प्रत्येकास स्वतंत्र स्वयंपाकघर हवे असते आणि दृष्टी मधल्या मोकळ्या चौकाकडे वळते. फेररचनेतील मुख्य चूक तेथेच होते.

एकमेकांस लागून असलेल्या वाड्यांच्या बाजूच्या भिंतींना बहुधा खिडक्या नसतात. माजघरात उजेड व वारा येतो तो चौकातूनच. चौक झाकल्यास एक खोली वाढते. परंतु भोवतालच्या खोल्या अंधारतात, ओल टिकते आणि तुळयांची टोके कुजू लागतात. पावसाळ्यात जुने वाडे कोसळण्याच्या घटना नाशिकला नव्या नाहीत.

म्हणून चौक मोकळा ठेवून त्याभोवती बिऱ्हाडे आखावीत. भार खांब व जाड भिंती पेलतात. हलवायचीच तर मधली पातळ पडदी हलवावी. न्हाणीघरे एकावर एक घ्यावीत, म्हणजे ओल एकाच बाजूस राहते. नदीकाठच्या घरांनी १९६९ व २०१९ चे पूर स्मरून धान्य, कागदपत्रे व विजेचे मीटर उंचावर ठेवावे. आराखडा कोणताही असो, अभियंत्याकडून इमारतीची तपासणी आणि महानगरपालिकेची परवानगी घेऊनच कामास आरंभ करणे हिताचे होय.