स्वभावाच्या माथी मारलेले दुखणे

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, बुटीबोरी मागे पडल्यानंतर, सिंदी नावाचे जे गाव लागते आणि ज्याच्या नावापुढे सरकारी दफ्तरात ‘रेल्वे’ हा शब्द कायमचा कंसात बसलेला आहे, ते गाव विदर्भात विशेषेकरून प्रसिद्ध आहे ते तान्ह्या पोळ्यासाठी. श्रावणी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा फुटला, की दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी सजवून पोरे बाहेर पडतात, घरोघर बोजारा मागतात, आणि येथील काही नंदी तर मोठ्या माणसांनीच ओढून न्यावेत एवढे थोर असतात. अशा दिवशी, साऱ्या पंचक्रोशीची माणसे रस्त्यावर लोटलेली असताना, एखादा कास्तकार घराच्या ओसरीवरून उठतही नाही, कोणी हाक मारली तर मान हलवून गप्प राहतो, आणि गेल्या वर्षीपर्यंत स्वतःच्या हाताने नातवाचा नंदी रंगवणारा हाच इसम यंदा त्याकडे पाहतही नाही, असे समजा. गाव त्याच्याविषयी एका वाक्यात निकाल देते : त्याचा स्वभावच तसा. प्रस्तुत लेखाचे सारे प्रयोजन या निकालाची फेरतपासणी करणे हे आहे. कारण मानसशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत व्यक्तिमत्त्व, ताण, मनोविकार आणि सामाजिक प्रभाव अशी जी निरनिराळी प्रकरणे पाडलेली असतात, ती सारी या एका ओसरीवर एकत्र येऊन बसलेली आहेत, आणि त्यांची गल्लत झाली तर त्या माणसाच्या जिवाशी गाठ पडते.

स्वभाव म्हणजे काय, हे ठरवण्याचा उद्योग फार जुना आहे. आपल्याकडे सत्त्व, रज आणि तम यांच्या प्रमाणावरून, आणि ग्रीकांकडे शरीरातील चार रसांवरून, माणसांची वर्गवारी करीत. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोश पानोपान चाळून माणसामाणसांतील भेद सांगणारे शब्द वेचले, तेव्हा ते १७,९५३ भरले. या अफाट राशीतून, पुढील काही दशकांच्या गणिती छाननीनंतर, आज बहुतेक संशोधकांना मान्य असलेली पाच परिमाणे उरली : बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थैर्य आणि नव्या अनुभवांविषयीची मोकळीक. कोणीही मनुष्य यांपैकी एका कप्प्यात पूर्णपणे बसत नाही. प्रत्येकाच्या ठायी पाचही गुण कमीअधिक असतात, आणि जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते की या कमीअधिकपणातील जवळजवळ निम्मा वाटा आनुवंशिक असतो. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळीच आहे. स्वभाव हा वर्षानुवर्षे टिकणारा असतो. तो वयाप्रमाणे हळूहळू बदलतो, एका खरीप हंगामात उलटत नाही. जो मुळातच अबोल आहे त्याचे अबोल असणे हे दुखणे नव्हे, आणि त्याला बोलका करण्याची कोणालाही गरज नाही. पण जो काल बोलका होता तो आज अबोल झाला असेल, तर तेथे स्वभावाचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही. माणसाची तुलना शेजाऱ्याशी न करता त्याच्याच मागील वर्षाशी करावी, हा या साऱ्या शास्त्राचा घरगुती उपयोगाचा नियम होय.

मग आपण स्वभावावर एवढ्या तत्परतेने का घसरतो? १९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोविषयी लिहिलेले निबंध विद्यार्थ्यांना वाचायला दिले. लेखकाला अनुकूल की प्रतिकूल लिहायचे याची सक्ती केलेली होती, ही हकीकत वाचणाऱ्यांना आधीच सांगितलेली असूनही, अनुकूल निबंध वाचणाऱ्यांना लेखक मनातून कॅस्ट्रोचा पक्षपाती असावा असेच वाटत राहिले. परिस्थितीचा हुकूम डोळ्यांसमोर असताना आपण माणसाच्या अंतःकरणावर ठपका ठेवतो. या दोषाला १९७७ साली ली रॉस यांनी दोषारोपणातील मूलभूत चूक म्हणून नाव दिले. स्वतःच्या बाबतीत आपण ही चूक सहसा करीत नाही. माझा आवाज चढला तर दिवस वाईट गेला म्हणून, आणि शेजाऱ्याचा चढला तर तो तापट म्हणून, असा हा दुहेरी न्याय असतो.

आता परिस्थितीकडे वळू. आणि येथे थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण वर्धा जिल्ह्यातील मनाचा अभ्यास करणाऱ्याने कापसाचे पंचांग जाणल्यावाचून एक पाऊलही पुढे टाकू नये. ज्या वावराला ओलिताची सोय नाही, तेथे जूनमध्ये पेरणी होते. पावसाने खंड दिला तर दुबार पेरणी. मग निंदण, डवरणी, खत, फवारणी. आणि पोळ्याच्या सुमाराला, म्हणजे ज्या सणाला बैलाच्या अंगावर झूल आणि घरात गोडधोड हवे त्या सणाला, पऱ्हाटी नुकती पात्याफुलांवर आलेली असते. खर्च सारा होऊन गेलेला, उत्पन्नाचा पहिला पैसाही अद्याप न आलेला, असा हा काळ. बोंडे फुटून वेचणी सुरू व्हायची ती दिवाळीच्या आगेमागे, आणि तेव्हाही बोंडअळी, अवकाळी पाऊस व बाजारातील भाव या तिघांनी मिळून काय मागे ठेवले, यावर सावकाराचे आणि बँकेचे देणे कसे फेडायचे हे ठरणार. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस कसा पोखरला, हे येथील कोणत्याही कास्तकाराला सांगावे लागत नाही.

ताणाची शास्त्रीय चर्चा ज्यांच्यापासून सुरू झाली, त्या हान्स सेल्ये यांनी १९३६ साली मॉन्ट्रियल येथे उंदरांवर प्रयोग करताना असे पाहिले की थंडी, इजा, विष, अतिश्रम अशी कारणे कितीही भिन्न असली तरी शरीराचा प्रतिसाद मात्र एकाच घाटाचा असतो. प्रथम धोक्याची सूचना : हृदय जोराने चालते, झोप उडते, अंगातील साखर रक्तात उतरते. संकट टळले नाही तर प्रतिकाराची अवस्था. वरवर पाहता मनुष्य सावरलेला दिसतो, कामाला जातो, हिशेब करतो, पण आत मूत्रपिंडांवरील ग्रंथी अखंड राबत असतात. आणि तरीही संकट सरले नाही, तर थकवा. या तिसऱ्या अवस्थेत माणूस आळशी दिसतो, आणि तो आळशी आहे असे ठरवून घरचेही त्याला बोलतात. रिचर्ड लॅझारस यांनी पुढे यात एक महत्त्वाची भर घातली : ताण हा केवळ संकटाच्या आकारावर नसून, आपल्याजवळ त्याला तोंड देण्याचे काय साधन आहे याविषयी आपण मनाशी जो अंदाज बांधतो त्यावर अवलंबून असतो. म्हणूनच एकाच शिवारातील दोन शेजाऱ्यांचे पीक सारखेच बुडाले, तरी ज्याचा भाऊ शहरात नोकरीवर आहे त्याला झोप लागते आणि दुसऱ्याला लागत नाही, यात मनाच्या कणखरपणाचा संबंध असलाच तर फार थोडा असतो.

कास्तकाराच्या संदर्भात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तामिळनाडूत झालेला आणि २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास. ५४ गावांतील ४६४ ऊसउत्पादक शेतकऱ्यांना तोडणीपूर्वी, म्हणजे हाती पैसा नसताना, आणि तोडणीनंतर, म्हणजे पैसा आल्यावर, बुद्धीच्या व एकाग्रतेच्या त्याच कसोट्या देण्यात आल्या. मनुष्य तोच, शिक्षण तेच, डोके तेच. पण तोडणीपूर्वीची कामगिरी स्पष्टपणे उणी भरली. पैशाची विवंचना चित्ताचा एवढा भाग व्यापून टाकते, की उरलेल्या विचाराला जागा अपुरी पडते. पोळ्याच्या दिवसांत विम्याचा अर्ज भरताना चुकणारा, बोलावलेल्या बैठकीची तारीख विसरणारा, पोराच्या एका प्रश्नावर अंगावर धावून जाणारा बाप हा बेपर्वा असतो असे म्हणण्यापूर्वी हा प्रयोग प्रत्येकाने आठवावा.

हीच विवंचना कधी जिवावरही बेतते. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, बुलढाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांतील शेतकरी आत्महत्यांची नोंद महसूल खात्याकडे ठेवली जाते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रत्येक प्रकरण मदतीस पात्र की अपात्र ते ठरवते. नापिकी होती काय, मान्यताप्राप्त कर्ज होते काय, वसुलीचा तगादा होता काय, असे प्रश्न त्यात विचारले जातात. मदतीच्या दृष्टीने ते योग्यच आहेत. परंतु त्या कागदांत माणूस मरणापूर्वीच्या महिन्यांत झोपत होता काय, जेवत होता काय, कोणाशी बोलत होता काय, ही बाब मुख्य मानली जात नाही. आणि दुसऱ्या टोकाला, सारे खापर मनाच्या दुबळेपणावर फोडून कर्ज व भाव यांविषयी मौन पाळणारेही पुष्कळ भेटतात. या दोन्ही अर्धसत्यांनी आपले फार नुकसान केले आहे. कर्ज हे कारण असू शकते आणि त्याच वेळी मनुष्य आजारी असू शकतो; पडलेल्याचा पाय मोडला तर खड्डाही बुजवायचा असतो आणि हाडही बसवायचे असते.

ताण आजाराच्या हद्दीत शिरतो केव्हा? नैराश्याच्या निदानासाठी डॉक्टर जे पाहतात ते असे : मन खिन्न असणे किंवा पूर्वी ज्यात आनंद वाटे त्यात काहीच गोडी न उरणे, ही अवस्था किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच काळ; जोडीला झोप व भूक बिघडणे, अंगातली शक्ती गेल्यासारखे वाटणे, चित्त न लागणे, स्वतःला नालायक समजणे, मरणाचे विचार येणे. आपल्याकडील रुग्ण मात्र ‘मी खिन्न आहे’ असे सांगत दवाखान्यात येत नाही. जीव घाबरतो, डोके जड राहते, हातापायांत त्राण नाही, काही केल्या मन लागत नाही, असे तो सांगतो, आणि पुष्कळदा सलाईन लावून परत जातो. काही पुरुषांत हीच व्यथा दारूच्या रूपाने बाहेर पडते, आणि मग कारण कोणते व कार्य कोणते हे कुटुंबालाही उमगत नाही. जो भलतेच आवाज ऐकतो, आपल्याविरुद्ध साऱ्यांनी कट केला आहे असे मानतो, त्याचा आजार निराळा. तो नैराश्याहून पुष्कळ विरळ आहे, पण गावाच्या कल्पनेत मनाचा आजार म्हणजे तेवढा एकच. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासून उभे आहे, म्हणजे नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली त्याच्याही तीन वर्षे आधीपासून. आणि इतक्या पिढ्यांत त्याचे ‘पागलखाना’ हे नाव लोकांच्या जिभेवर एवढे घट्ट बसले, की साध्या, बऱ्या होणाऱ्या दुखण्याचा रुग्णही त्या दिशेच्या गाडीत बसायला धजत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे सुमारे दहा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या विकारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्ण उपचारावाचून होते. डॉक्टर कमी आहेत हे खरे. पण लोकलज्जा हेही त्याचे मोठे कारण आहे.

लोकलज्जेचे बळ किती, ते सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात मोजून दाखवले. तीन रेघांपैकी दिलेल्या रेघेएवढी कोणती, एवढाच प्रश्न, उत्तर उघड, पण आधीच ठरवून बसवलेले सारे जण एकमुखाने चुकीचे उत्तर देऊ लागले, की खऱ्या परीक्षार्थींपैकी सुमारे तीन चतुर्थांश निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सत्य सोडून त्यांच्या मागे गेले. मात्र त्या घोळक्यात केवळ एकाने खरे उत्तर दिले, की हे मागे जाणे एकदम ओसरत असे. वर्धा जिल्ह्याला या प्रयोगाचा दाखला परदेशातून आणण्याची गरज नाही. सिंदीहून वर्ध्याला जाताना आधी सेवाग्राम स्थानक लागते. तेथील आश्रमात १९३९ साली कुष्ठरोगाने जर्जर झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना स्वतःच्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश केले. मनोहरजी दिवाण यांनी त्यापूर्वीच, १९३६ पासून, वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांची सेवा आरंभलेली होती. ज्या रोगाच्या नुसत्या नावाने आप्तही दार लावून घेत, त्या रोग्याला उघड्यावर, सर्वांच्या देखत स्पर्श झाला. आणि पुढे पाहणाऱ्यांना दार उघडणे अशक्य राहिले नाही.

मनाच्या आजाराबाबत असाच शेजाऱ्याच्या हाताचा प्रयोग विदर्भात झालेला आहे. ‘विश्राम’ या नावाच्या प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत गावच्याच कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखणे, घरी जाऊन बोलणे आणि प्राथमिक समुपदेशन करणे शिकवण्यात आले, आणि गंभीर रुग्णांसाठी मनोविकारतज्ज्ञाची सोय ठेवण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मदतीला गेले ते गावच्याच ओळखीचे लोक होते. राज्य सरकारनेही २०१५ पासून शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प चालवला, ज्यात आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन विचारपूस करावयाची अशी योजना होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे ११५ वे कलम तर असे सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा करू नये, आणि तिची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य मानावे. कायद्याने दिलेले हे गृहीतक गावाने आपल्या बोलण्यात स्वीकारायला कोणत्याही हुकमाची आवश्यकता नाही.

ओसरीवर बसलेल्या त्या माणसाजवळ जाऊन ‘झोप लागते का? जेवण जाते का?’ असे विचारण्यास शिक्षण लागत नाही. आणि मरणाविषयी स्पष्ट विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत निराधार आहे, उलट विचारल्याने बोलणाऱ्याचा भार हलका होतो असा उपचार करणाऱ्यांचा अनुभव आहे. त्याला एकटे न सोडता सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात न्यावे. रात्री-अपरात्री दुसरे कोणी नसेल, तर टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. तो विनामूल्य आहे आणि पलीकडून मराठीत बोलतात.