प्रवाहातून प्लास्टिकच्या रेणूंची ओळख

प्लास्टिकचे दोन पांढरे दाणे शेजारी ठेवले, तर त्यांतील भेद डोळ्यांना दिसत नाही. तरीही एकापासून तयार केलेला पाइप वर्षानुवर्षे टिकतो, तर दुसऱ्याचा लवकर तडकू शकतो. रेणूंची लांबी, त्या लांबीतील विषमता आणि रेणूंना फुटलेल्या फांद्या ही या फरकाची महत्त्वाची कारणे होत. वितळलेले प्लास्टिक कसे वाहते हे मोजून या तिन्ही बाबींचा अंदाज बांधता येतो.

प्लास्टिकचे रेणू म्हणजे असंख्य लहान घटकांच्या लांब साखळ्या होत, हा विचार जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडला. प्रारंभी त्यास कडवा विरोध झाला. १९५३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. साखळीची लांबी ठरविण्यासाठी त्यांनी विरल द्रावणाची श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध, उपयोगात आणली.

वितळलेल्या प्लास्टिकमध्ये या साखळ्या शिजलेल्या शेवयांप्रमाणे एकमेकींत गुंततात. सरळ साखळ्या गुंता होण्याइतक्या लांब असल्या, की श्यानता रेणुभाराच्या सुमारे ३.४ व्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच रेणुभार दुप्पट झाला, तर श्यानता दहापटीहून अधिक होते. म्हणूनच पुनर्वापरासाठी वारंवार वितळविलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तुटल्या, की ते लगेच पातळ वाहू लागते.

कारखान्यांत ‘मेल्ट फ्लो इंडेक्स’ मोजतात. पॉलिएथिलीन १९० अंश सेल्सिअसला वितळवून, २.१६ किलो वजनाच्या दाबाखाली सुमारे २.१ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून १० मिनिटांत किती ग्रॅम बाहेर पडते, तो हा आकडा. तो सोयीचा असला, तरी एकटा पुरेसा नाही. भिन्न रचनेच्या दोन नमुन्यांचा आकडा सारखाच येऊ शकतो. म्हणून २१.६ किलो वजनाखाली पुन्हा मोजणी करून दोन्ही आकड्यांचे गुणोत्तर काढतात. विषम लांबीच्या किंवा लांब फांद्यांच्या साखळ्या असलेले प्लास्टिक जोराने ढकलले असता अधिक पातळ होते. त्यामुळे हे गुणोत्तर वाढते.

मात्र कारण विषमता की फांद्या, हे गुणोत्तर सांगत नाही. त्यासाठी अतिशय मंद गतीपासून वेगवान गतीपर्यंतची श्यानता मोजून, द्रावणातून स्वतंत्रपणे काढलेल्या रेणुभाराशी ती ताडून पाहावी लागते. तात्पर्य, केवळ एका आकड्यावर विसंबून पाइपसाठी दाणा निवडणे धोक्याचे आहे.