जुना बँड, नवा अल्बम आणि न्हावऱ्याचा ट्रॅक्टर

शिरूर-चौफुला रोडवरून ऊसतोडीच्या हंगामात कधी गेला आहात का? गेला असाल तर पुढचं सांगायला नको. ट्रॉली दिसायच्या आधी गाणं ऐकू येतं! आमच्या न्हावऱ्यात प्रत्येक ट्रॅक्टरला डेक, डेकला दोन नाहीतर चार स्पीकर, आणि व्हॉल्यूमचं बटण कायम शेवटच्या टोकाला. आमच्या काकांचा ट्रॅक्टरही त्याला अपवाद नाही. फरक इतकाच की काकांच्या पेनड्राइव्हमध्ये कोंबडी पळते तशी डीप पर्पलही असते.

तुम्ही म्हणाल, हे कसं काय? तर काका ऐंशीच्या दशकात मुंबईला डिप्लोमाला होते. होस्टेलवर राहायचे, मेसला शिव्या द्यायचे (म्हणजे आपल्यासारखेच) आणि चार पैसे साठले की धोबीतलावच्या रंगभवनात रॉकचे कार्यक्रम ऐकायला जायचे. तिथे त्यांनी 'रॉक मशीन' ऐकला. त्या बँडची 'द सेकंड कमिंग' ही १९९० सालची कॅसेट काकांच्या लोखंडी कपाटात अजून आहे. बुरशी लागली आहे, पण फेकू देत नाहीत.

गेल्या दिवाळीत मी त्यांना याच बँडचा शेवटचा अल्बम ऐकवला. काकांनी तीन गाणी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "वाजवतायत भारी. पण ही ती पोरं नाहीत गं."

मला राग आला. कारण मला तो अल्बम मनापासून आवडला होता, आणि ती पोरं तीच होती, निदान पाचातली तीन! मग या वाक्याच्या मागे लागले. जे सापडलं ते इथे मांडते आहे. थोडा इतिहास आहे, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आहे. कंटाळा आला तर मधलं सोडून शेवटाकडे जा, जर्नल लिहिताना करतो तसं.

आधी बँडबद्दल. रॉक मशीन १९८४ साली मुंबईत सुरू झाला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, बासवर मार्क सेल्विन आणि ड्रम्सवर मार्क मेनेझिस, अशी त्यांची गाजलेली टीम. त्या काळी कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये रॉक बँड म्हणजे लेड झेपेलिन नाहीतर डीप पर्पलची गाणी हुबेहूब वाजवणारी मुलं. जितकी नक्कल बरोबर तितक्या टाळ्या. स्वतःचं गाणं सुरू केलं की पब्लिक वडापाव आणायला उठणार! अशा वातावरणात या मुलांनी स्वतःची गाणी लिहिली आणि १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला. आज हे साधं वाटतं, पण तेव्हा यात जोखीम होती.

१९९३ मध्ये त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्ही एशियाचा प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. १९९५ मध्ये त्या नावाचा अल्बम आला, आणि १९९७ मध्ये बँड संपला. उदय आणि जयेश न्यूयॉर्कला गेले. नव्वदच्या दशकात म्युझिक चॅनल हळूहळू हिंदीकडे आणि सिनेमाच्या गाण्यांकडे वळले होते. इंग्रजीत गाणाऱ्या देशी बँडला टीव्हीवर जागा उरली नव्हती. त्यात कुणाची चूक म्हणायची? लोकांना जे हवं ते चॅनलवाले दाखवणार.

मग २०१० साली उदय, महेश आणि झुबिन पुन्हा एकत्र आले. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी ही नवी मंडळी आली. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' निघाला. आधीच्या अल्बमनंतर १७ वर्षांनी! (खरी 'सेकंड कमिंग' ही, पण ते नाव आधीच वापरून झालं होतं.) तेव्हा मी पहिलीत होते, त्यामुळे मला हा अल्बम ना नवा ना जुना. माझ्यासाठी तो फक्त एक अल्बम आहे. काकांसाठी तसं नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

आता विचार करा. काकांनी जुनी कॅसेट विसाव्या वर्षी ऐकली. एकदा नाही, शेकडो वेळा. होस्टेलवर एकच टेपरेकॉर्डर आणि मोजून चार कॅसेट, दुसरं ऐकणार काय? रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आपल्याला जास्त आवडायला लागते. दुसरी गोष्ट म्हणजे माणसाला पुढे आयुष्यभर जे ठळक आठवतं त्यातलं बरंच साधारण दहा ते तीस या वयातलं असतं. तेव्हाची गाणीही त्यात आली. म्हणजे काकांच्या डोक्यात तुलना चालली होती ती शेकडो वेळा ऐकलेल्या तरुणपणातल्या गाण्याची आणि एकदाच, तेही ट्रॅक्टरवर, ऐकलेल्या गाण्याची. हा सामना फिक्स आहे! नवं गाणं जिंकणार कसं?

बरं, प्रत्येक बँड यातून आपापली वाट काढतो. २००८ मध्ये गंमत झाली, तीन बडे बँड एकाच वर्षी परतले. एसी/डीसी आठ वर्षांनी 'ब्लॅक आइस' घेऊन आले आणि अगदी पूर्वीसारखंच वाजवलं. लोक खूश, अल्बम कितीतरी देशांत पहिल्या नंबरवर. गन्स एन रोझेसचा 'चायनीज डेमोक्रसी' आला, त्यात जुन्यांपैकी गायक अ‍ॅक्सल रोझ आणि कीबोर्डवाला डिझी रीड एवढेच. पाटी जुनी, दुकान नवीन. तिथे लोकांचं कायम दुमत राहिलं. तिसरा मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक'. लोक म्हणाले, बँड परत फॉर्मात आला, पण कान दुखतात!

हे कान दुखण्याचं प्रकरण आपल्या सिलॅबसमधलं आहे म्हणून जरा थांबते. सीडीवर आवाज १६ बिटमध्ये साठवतात. दर बिटला सुमारे ६ डेसिबल धरले तर हळू आणि मोठ्या आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर ठेवता येतं. पण वरची मर्यादा पक्की असते, खोलीच्या स्लॅबसारखी. त्याच्या वर काही जात नाही. मग गाणं अजून मोठं वाटायला हवं असेल तर काय करायचं? ड्रमच्या ठोक्यासारखी जी टोकं स्लॅबला टेकतात ती लिमिटरने दाबायची आणि बाकी सगळं वर उचलायचं. थोडं केलं तर गाणं भरीव वाटतं. जास्त केलं तर हळू भाग आणि जोराचा भाग यात फरकच उरत नाही, आणि त्याहून पुढे गेलं तर टोकं सपाट कापली जातात. यालाच आपण लॅबमध्ये क्लिपिंग म्हणतो. 'डेथ मॅग्नेटिक'ची वेव्हफॉर्म कॉम्प्युटरवर उघडली तर डोंगररांग दिसत नाही, विटांची भिंत दिसते. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमसाठी वेगळी दिली होती, ती मात्र मोकळी ऐकू येत होती. त्यामुळे चोरी पकडली गेली! हजारो चाहत्यांनी अल्बम पुन्हा नीट मिक्स करा म्हणून अर्जावर सह्या केल्या. तरी तो अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलाच.

मुळात कंपन्या हे करतात का? कारण आपला कान फसतो. १९३३ मध्ये बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की हळू आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणून तेच गाणं जरा मोठ्याने लावलं तर 'चांगलं' वाटतं. न्हावऱ्यातल्या ट्रॅक्टरवाल्यांना हे फ्लेचर-मन्सनशिवाय कळलेलं आहे.

आम्ही होस्टेलवर एक उद्योग केला. बँडचं एक जुनं गाणं आणि 'इव्हॉल्व्ह'मधलं 'फायरफ्लाइज' एकामागोमाग लावलं. आधी जसं आहे तसं, मग दोन्हींचा सरासरी आवाज सॉफ्टवेअरने सारखा करून. पहिल्या वेळी नव्यासाठी हात वर करणाऱ्यांपैकी दोघी-तिघींनी दुसऱ्या वेळी जुन्याला मत दिलं. म्हणजे त्यांना आधी जो आवडला तो निदान थोडा तरी नुसता मोठेपणा होता. वायवामध्ये जोरात उत्तर देणाऱ्याला मार्क पडतात तसंच.

मग 'इव्हॉल्व्ह' खरंच कसा आहे? माझं मत सांगते. आठच गाणी आहेत. जुन्या अल्बममधली पार्टीची मस्ती यात कमी. गाणी सावकाश उलगडतात, एकावर एक थर चढतात, मध्येच वळण घेतात. ट्रॅक्टरवर ऐकायची ही गाणीच नव्हेत, ही माझी चूक. बास आणि ड्रम्सची नवी जोडी जबरदस्त आहे, माझ्या मते अल्बमचा कणा तीच. एक-दोन ठिकाणी गाणं लांबलं आहे, संपता संपत नाही. पण 'टॉप ऑफ द रॉक'सारखं एखादं सोपं गाणं पुन्हा बनवून टाळ्या मिळवायचा मोह त्यांनी टाळला. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांनी पंचविशीचा आव आणला असता तर मला ऐकवलं नसतं.

काकांची बाजू मला नंतर कळली. ते म्हणाले, "अगं, चौफुल्याला कला केंद्रात माणूस जातो तो जुन्या लावणीची फर्माईश करायलाच ना? सवाईला भीमसेन बसले की लोकांना तोच अभंग हवा असायचा. त्यात कमीपणा काय?" मुद्दा बिनतोड आहे. आपल्याकडे तीच चीज पुन्हा ऐकण्यात रसिकपणा मानतात, कारण गवई ती रोज नव्याने मांडतो. रॉकमध्ये गाणं रेकॉर्डवर एकदाच पक्कं होतं आणि लोक त्या रेकॉर्डवरच प्रेम करतात. बँडकडून मात्र 'नवीन काढा' अशी अपेक्षा, आणि नवीन काढलं की 'पूर्वीची मजा नाही'. बिचाऱ्यांनी करायचं तरी काय?

मी काकांना म्हटलं, "तुम्ही जुनी कॅसेट किती वेळा ऐकली होती? याला निदान दहा वेळा तरी संधी द्या." ते हसले. पेनड्राइव्हमध्ये अल्बम टाकून मी होस्टेलला परत आले.

परवा काकांचा फोन आला. घरचं, उसाचं, माझ्या सबमिशनचं बोलून झालं, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते काजव्यांचं गाणं कुठलं गं? मधे गिटार येतं ते. दुसऱ्या ट्रॅक्टरच्या पेनड्राइव्हमध्ये घ्यायचंय." बाकीची सात अजून आवडलेली नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.