पडद्यावरचा मेंदू आणि कवटीतला मेंदू

मागच्या व्याख्यानात आपण प्रत्यक्ष आणि अनुमान यांतला फरक पाहिला. डोंगरावर धूर दिसला, की तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो. अग्नी काही आपण पाहिलेला नसतो. आज हाच फरक ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन पाहू.

समजा, मेंदूतली गाठ काढायची आहे. आधी एमआरआय होतो, त्यावरून संगणक मेंदूचं त्रिमितीय चित्र तयार करतो. रुग्णाचं डोकं क्लॅम्पमध्ये घट्ट बसवतात. त्या क्लॅम्पला जोडलेल्या चौकटीवर आणि सर्जनच्या हातातल्या प्रोबवर प्रकाश परतवणारे छोटे गोळे असतात. इन्फ्रारेड कॅमेरा ते सतत टिपतो. मग चेहऱ्यावरच्या ठरावीक बिंदूंना प्रोबचं टोक लावून चित्रातल्या त्याच बिंदूंशी जुळवणी करतात. एका रेषेत नसलेले किमान तीन बिंदू तरी लागतात. जुळवणी झाली, की टोक फिरेल तशी पडद्यावरची खूण फिरते. याला न्यूरोनॅव्हिगेशन म्हणतात.

आता विचारू या : पडद्यावर दिसतं ते प्रत्यक्ष आहे का? नाही, ते अनुमान आहे. ते एका अटीवर उभं आहे : चित्र घेतल्यापासून डोक्याच्या आत काही हललेलं नाही. पण कवटी उघडली, मेंदूभोवतालचं पाणी वाहून गेलं, की मेंदू खाली बसतो. कधी तर सेंटिमीटरभर सरकतो. चित्र मात्र जुनंच, आणि तितकंच स्पष्ट. खात्री करायला हाडावरच्या खुणेला प्रोब लावावा, तर उत्तर बरोबर येतं! कारण हाड हललेलंच नसतं. म्हणजे परीक्षा पास, पण प्रश्नच चुकीचा. म्हणून ऑपरेशन चालू असतानाच सोनोग्राफी किंवा पुन्हा एमआरआय करून चित्र ताजं करतात.

मणक्याचं हाड असं बसत नाही. जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सर्जननी ऑगमेंटेड रिॲलिटीचा हेडसेट घालून, सीटीचं चित्र रुग्णाच्या पाठीवरच पाहत मणक्यात सहा स्क्रू बसवले. सोय मोठीच. पण पडद्याकडे मान वळवताना ‘हे चित्र आहे’ याची आठवण तरी राहते. हेडसेटमध्ये अनुमान प्रत्यक्षाचाच वेश घेऊन समोर येतं.

तेव्हा यंत्रावर विश्वास ठेवावा की नाही, हा आपला प्रश्न नव्हे. ते कोणत्या अटीवर बोलतंय आणि ती अट या क्षणी टिकून आहे का, हे विचारायला हवं. आणि ते विचारायचं काम यंत्राला नाही, प्रोब धरणाऱ्या माणसालाच करावं लागतं.