आधी चाचणी, मग प्रोग्रॅम. पण सगळे एकदम नको

आपल्या मंडळाच्या बऱ्याच घरांत मुलगा, मुलगी किंवा सून सॉफ्टवेअरमध्ये आहे. रात्री फोन येतो, ताट तसेच ठेवून ते लॅपटॉप उघडतात आणि पहाटेपर्यंत खोलीतला दिवा जळत राहतो. अनेकदा कारण साधे असते. कोणीतरी प्रोग्रॅममध्ये एक छोटा बदल केलेला असतो आणि त्यामुळे भलतेच काहीतरी बंद पडलेले असते. यावर एक चांगला उपाय आहे, मात्र तो घाईने केला तर फसतो. म्हणून हा लेख घरातल्या वडीलधाऱ्यांसाठीही आहे आणि या क्षेत्रातल्या तरुणांसाठीही.

पद्धत काय आहे?

नेहमीची रीत अशी, की प्रोग्रॅम आधी लिहायचा आणि शेवटी जो वेळ उरेल त्यात तपासायचा. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका भांड्यातली सगळी शिते सारखीच शिजतात. प्रोग्रॅमचे तसे नसते. एक भाग नीट चालला म्हणून शेजारचा चालेलच असे नाही.

अमेरिकन प्रोग्रॅमर केंट बेक यांनी हा क्रम उलटा करण्याची पद्धत रुजवली. तिला टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट किंवा थोडक्यात टीडीडी म्हणतात. त्यावरचे त्यांचे पुस्तक 2002 मध्ये आले. त्याआधी, 1997 साली, झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात त्यांनी आणि एरिक गॅमा यांनी जावा भाषेसाठी ‘जेयुनिट’ हे टेस्ट चालवण्याचे साधन लिहायला घेतले होते.

समजा, एखाद्या मंडळाची वर्गणी 500 रुपये आहे आणि ज्येष्ठांना ती निम्मी आहे. टीडीडीत आधी टेस्ट लिहायची: ‘वय 60, वर्गणी 250’. प्रोग्रॅम अजून लिहिलेलाच नसल्यामुळे टेस्ट नापास होते, म्हणजे लाल खूण येते. मग ती पास होण्यापुरताच प्रोग्रॅम लिहायचा, की हिरवी खूण येते. त्यानंतर लिहिलेले नीटनेटके करायचे आणि पुढची टेस्ट घ्यायची. अशी एक फेरी काही मिनिटांची असते.

खरा फायदा टेस्ट लिहितानाच होतो. ‘60 पूर्ण झाल्यावर सवलत, की 60 च्या पुढे?’ हा प्रश्न खजिनदारांना आधीच विचारला जातो, पावत्या छापून झाल्यावर नाही. शिवाय या टेस्ट कायम राहतात आणि पुढे कोणीही बदल केला की संगणक त्या पुन्हा चालवून पाहतो.

मग सगळ्यांनी उद्यापासूनच का सुरू करू नये?

मायक्रोसॉफ्टच्या तीन आणि आयबीएमच्या एका टीमचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. टीडीडीने केलेल्या कामात, तशाच इतर कामांच्या तुलनेत, चुकांचे प्रमाण 40 ते 90 टक्क्यांनी कमी आढळले. पण सुरुवातीच्या कामाला 15 ते 35 टक्के जास्त वेळ लागल्याचा त्या टीमचा अंदाज होता. हा जादा वेळ वेळापत्रकात धरला नाही, तर तो माणसांच्या झोपेतून जातो.

मी पूर्वी ज्या टीममध्ये होतो तिथे हेच झाले. ‘सोमवारपासून सगळ्यांनी टेस्ट आधी लिहायच्या’ असा हुकूम निघाला, पण कामाच्या तारखा होत्या तशाच राहिल्या. दोन महिन्यांत टेस्ट मागे पडल्या आणि ‘ही पद्धत आपल्याकडे चालत नाही’ असा शिक्का बसला. दोष पद्धतीचा नव्हता, घाईचा होता.

दुसरी अडचण जुन्या प्रोग्रॅमची. टेस्ट नसताना त्याला हात लावणे धोक्याचे, आणि हात लावल्याशिवाय टेस्ट बसवता येत नाही. मायकेल फेदर्स यांचे 2004 चे पुस्तक याच पेचावर आहे. त्यांचा सल्ला असा, की प्रोग्रॅम आज जसा वागतो तसाच आधी टेस्टमध्ये नोंदवून ठेवा.

आपल्या उदाहरणात जुना प्रोग्रॅम फक्त सालांची वजाबाकी करतो असे धरू. मग डिसेंबर 1965 मध्ये जन्मलेल्या सभासदाला जानेवारी 2025 मध्येच, म्हणजे 59 व्या वर्षी, सवलत मिळते. हे दिसले म्हणून लगेच दुरुस्त करू नका. आधी नोंदवा, मग कार्यकारिणीला विचारा. कदाचित ती सवलत जाणूनबुजून दिलेली असेल.

पायरी पायरीने कसे जावे?

1. पहिली टेस्ट चुकीसाठी. तक्रार आली की ती चूक दाखवणारी टेस्ट आधी लिहा, ती नापास झालेली पाहा आणि मगच दुरुस्ती करा. तीच चूक पुन्हा आली तर आता ती लपून राहणार नाही.

2. जिथे बदल करायचा आहे, तेवढ्याच जुन्या भागाभोवती टेस्ट लिहा. जो भाग वर्षानुवर्षे नीट चालतो आहे आणि ज्याला कोणी हात लावत नाही, तो राहू द्या.

3. नवीन छोटे काम हाती आले की तिथे पूर्ण टीडीडी करून पाहा. उत्सुक असलेल्या दोघांनी शेजारी बसून सुरुवात करावी. इतर जण ते पाहून शिकतात.

4. कोणीही कोड जमा केला की सगळ्या टेस्ट आपोआप चालू द्या. लाल खूण दिसली तर बाकीचे काम थांबवून आधी ती सोडवा. लाल खुणेची सवय झाली की टेस्टचा उपयोग संपतो.

5. ‘80 टक्के कोडला टेस्ट हव्यात’ असे आकडे सुरुवातीलाच लादू नका. आकडा गाठण्यासाठी काहीच न तपासणाऱ्या टेस्ट लिहिल्या जातात.

जे वरिष्ठ पदावर आहेत त्यांना एक विनंती. कामाचा अंदाज देताना टेस्टचा वेळ त्यातच धरा, तो वेगळा मागायला लावू नका. आणि जे नवीन लागले आहेत त्यांनी कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये. पुढच्या तक्रारीपासून एक टेस्ट लिहावी. वर्षभरात अशा टेस्टची बरीच मोठी रास होते, आणि जुन्या प्रोग्रॅमला हात लावताना वाटणारी धास्ती हळूहळू कमी होते.