धाडचा 'धडा' होतो का? मोजण्याआधी एकक ठरवा



पेट किंवा नेटच्या पेपर एकची तयारी करताना 'कार्यात्मक व्याख्या' हा शब्द तुम्ही पाठ केला असेलच. चार पर्यायांतून बरोबर उत्तर निवडताही येत असेल. मलाही यायचं. पण त्याचा खरा अर्थ मला कळला तो माझं जवळपास एक वर्ष वाया गेल्यावर. आणि तो दुसऱ्याला सोप्या शब्दांत सांगता यायला लागला तो मागच्या दिवाळीत, भाच्यांच्या भांडणामुळे. आधी भांडण सांगते, कारण ते छोटं आहे.

धाड हे आमचं गाव, बुलढाणा तालुक्यातलं. दुपारी भाची शब्दकोडं सोडवत बसली होती. प्रश्न असा : 'धाड या शब्दातली अक्षरं उलटसुलट करून दुसरा अर्थपूर्ण शब्द बनवा.' तिने लगेच लिहिलं, 'धडा'. भाचा म्हणाला, "ही चीटिंग आहे! अक्षरं दोनच आहेत, धा आणि ड. तू धाचा काना काढून डला लावलास." दोघं माझ्याकडे आली. "आत्या, तू पीएचडी करतेस ना, तूच सांग कोण बरोबर!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. कारण उत्तर एक नव्हतं, निदान चार होती. आपण एकेक बघू.

एकच शब्द, चार मोजण्या

पहिली मोजणी अक्षरांची, म्हणजे शाळेत फळ्यावर दिसतात तशी. धाड = धा + ड. दोन अक्षरांच्या मांडण्या दोनच : धाड आणि डधा. 'डधा'ला अर्थ नाही. 'धडा'मध्ये ध आणि डा आहेत, ती अक्षरंच वेगळी. म्हणजे भाचा बरोबर.

दुसरी मोजणी लिपीतल्या चिन्हांची. संगणक युनिकोडमध्ये शब्द असाच साठवतो : ध, काना, ड. पायथॉनमध्ये या शब्दाची लांबी विचारलीत तर उत्तर 3 येतं. तीन चिन्हांच्या मांडण्या 3 × 2 × 1 = 6. पण काना एकटा सुरुवातीला येऊ शकत नाही, म्हणून दोन बाद. उरल्या चार : धाड, धडा, डाध, डधा. यात 'धडा' आहे. म्हणजे भाची बरोबर.

तिसरी मोजणी व्याकरणातल्या वर्णांची. धाड = ध् + आ + ड् + अ. धडा = ध् + अ + ड् + आ. तेच चार वर्ण, फक्त दोन स्वरांनी जागा बदलल्या. पुन्हा भाची बरोबर, पण इथे मांडण्या 6 नाहीत, 24 आहेत.

चौथी मोजणी प्रत्यक्ष उच्चारांची. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण सहसा उच्चारत नाही. 'धाड' म्हणताना ध्, आ, ड् असे तीनच ध्वनी येतात. 'धडा' म्हणताना चार. तीन ध्वनी कितीही फिरवा, चार होणार नाहीत. पुन्हा भाचा बरोबर.

शब्द तोच, प्रश्न तोच. बदललं ते फक्त एकक, आणि दोन वेळा 'होतो', दोन वेळा 'होत नाही' असं उत्तर आलं. यातलं कुठलंही एकक चुकीचं नाही. टायपिंगचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला चिन्हं मोजावी लागतात, अक्षरगणवृत्त शिकवणाऱ्याला अक्षरं, उच्चारदोषांवर काम करणाऱ्याला ध्वनी. 'विज्ञान' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, पण संगणकाला सात चिन्हांचा (व, वेलांटी, ज, हलन्त, ञ, काना, न). तुमचा प्रश्न काय आहे यावर एकक ठरतं, आणि ते मोजायच्या आधी लिहून ठेवावं लागतं. कार्यात्मक व्याख्या म्हणजे एवढंच.

अर्थपूर्ण म्हणजे काय?

भांडण इथेच संपत नाही. कोड्यात 'अर्थपूर्ण' असा शब्द आहे, त्याचीही व्याख्या हवी. र, काना, ज ही तीन चिन्हं घ्या. नियमात बसणाऱ्या चारही मांडण्यांना मराठीत अर्थ आहे : राज (राज्य), रजा (सुट्टी), जरा (थोडं, आणि संस्कृतातून आलेला अर्थ म्हातारपण), जार (परस्त्रीशी संबंध ठेवणारा पुरुष). चारपैकी चार! पण आज लग्नात 'जार' म्हटलं की सगळे पाण्याच्या वीस लिटरच्या जारकडे बघतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857ची, त्यात हा प्लास्टिकचा जार असणं शक्यच नाही. म्हणजे 'शब्द आहे की नाही' हे विचारताना कुठल्या काळाचा कोश प्रमाण मानता, तेही सांगावं लागेल.

आता 'गाव' घ्या. त्यातून गवा निघतो, आणि वाग (नीट वाग!) सुद्धा. पण कोशात 'वागणे' सापडतं, 'वाग' हे त्याचं आज्ञार्थी रूप. रूपं धरायची की फक्त मूळ शब्द? धरली तर चारपैकी तीन, नाही धरली तर दोन.

'माळ' मधून मळा मिळतो, पण ळाम आणि ळमा तपासायचीही गरज नाही, कारण मराठीत शब्द ळने सुरू होत नाही. याला म्हणतात निकषाने आधीच वगळणं. मात्र तो निकषही लिहून ठेवायचा.

खुद्द 'धाड' एकाच अर्थाचा नाही. दरोडेखोरांची धाड, आयकर खात्याची धाड, पिकावरची टोळधाड, 'तुला काय धाड भरलीय?' मधली धाड, आणि 'पत्र धाड' मधलं क्रियापद. पाच वापर, मांडणी एकच. तेव्हा शब्द मोजायचे की अर्थ, हाही निर्णय तुमचाच.

उत्तर आधी ठरलं की काय होतं

तुम्ही म्हणाल, हे मुलांचं कोडं आहे, एवढं काय! पण याच खेळात केपलरसारखा माणूस फसला होता. 1610 मध्ये गॅलिलिओला दुर्बिणीतून शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी दिसलं. शोध आपल्या नावावर राहावा पण लगेच फुटू नये, म्हणून त्याने लॅटिन वाक्याची अक्षरं विस्कटून पाठवली. खरं वाक्य असं होतं की सर्वांत वरचा ग्रह तिहेरी दिसला. केपलरने अक्षरं जमवून वाचलं ते मंगळाच्या दोन चंद्रांबद्दल! कारण पृथ्वीला एक चंद्र आणि गुरूला चार, मग मधल्या मंगळाला दोन असावेत असं त्याच्या मनात होतं.

गंमत म्हणजे मंगळाला खरंच दोन चंद्र निघाले, पण ते 1877 मध्ये, असफ हॉल यांच्या निरीक्षणातून. म्हणून केपलरचं वाचन बरोबर ठरत नाही. अक्षरं अर्थपूर्ण जुळली हा पुरावा नसतो, फक्त एक शक्यता असते. आपल्याला हवं तेच वाचलं जाऊ नये, यासाठी निकष आधी आणि उत्तर नंतर.

माझं गेलेलं वर्ष

आता माझी गोष्ट. मी मातीवर काम करते. प्रश्न होता, नियमित शेणखत दिलेल्या शेतात सेंद्रिय कर्ब किती जास्त असतो? तीन शेतं शेणखताची घेतली, तीन बिनखताची. प्रत्येक शेतात दहा जागांवरून माती घेतली. एकूण 60 नमुने. टेस्ट लावली, फरक झकास आला. मी खूश.

सादरीकरणात एका परीक्षकांनी विचारलं, "साठ काय?"

"साठ नमुने, सर."

"शेतं किती?"

"सहा."

"मग खत कोणाला दिलं होतं, नमुन्याला की शेताला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खत शेताला दिलेलं होतं. एका शेतातल्या दहा जागांचा मालक एक, उतार एक, पीक एक, विहीर एक. ते दहा नमुने एकमेकांसारखे असणारच. दहा जागा घेतल्याने त्या शेताची सरासरी चांगली कळते, पण शेतं दहा होत नाहीत. माझी तुलना 30 विरुद्ध 30 नव्हती, 3 विरुद्ध 3 होती. या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्येच त्यावर सविस्तर लिहिलं आहे. मी ते वाचलं सादरीकरणानंतर.

पुढचा सगळा उन्हाळा नवीन शेतं शोधण्यात गेला. ज्यांच्याकडे खताचा हिशेब नीट सांगता येईल असे शेतकरी शोधायचे, परवानगी घ्यायची, पावसाच्या आत माती आणायची. पिशव्या, पृथक्करण, सगळं पुन्हा. तो फरक नवीन शेतांत टिकतो का, हे अजून तपासते आहे.

माझी चूक भाच्यांच्या भांडणाहून वेगळी नव्हती. 60 ही संख्या खोटी नव्हती आणि 6 ही पण नाही. पण माझा प्रश्न शेतांबद्दल होता आणि मी मोजत होते पिशव्या.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

तीन ओळी वहीत लिहा आणि गाईडना दाखवा :

1. मी नक्की काय मोजणार आहे, आणि माझ्या प्रश्नाचं एकक तेच आहे का?
2. काय धरणार, काय वगळणार, आणि कुठल्या आधारावर?
3. एकक बदललं तर माझा निष्कर्ष टिकतो का?

तिसऱ्या ओळीचा सराव आत्ताच करा. 'नदी' मधून 'दीन' निघतो. वरच्या चारपैकी किती मोजण्यांत तो टिकतो ते कागदावर मांडून बघा. मग हेच 'काम' आणि 'मका' या जोडीवर करा. दोन्हींची उत्तरं सारखीच येतात. का येतात हे स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं, की पेपर एकमधली ती व्याख्या पाठ करायची गरज उरणार नाही.

आणि भाच्यांना मी काय सांगितलं? "दोघंही बरोबर. पण कोड्याच्या वर 'अक्षर म्हणजे काय' ही एक ओळ लिहायची राहिली आहे." भाचीने पेन घेतलं आणि ती ओळ स्वतःच लिहून टाकली, अर्थातच तिला सोयीची होईल अशी. उत्तर आल्यावर व्याख्या! हेच करू नका म्हणून हा लेख.